स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतर वजन उतरण्याचा वेग

नमस्कार. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, म्हणजे वजन घटवण्यासाठी जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया, झालेल्या माणसाला पहिल्या वर्षात सर्वांत जास्त छळणारा प्रश्न दुखण्याचा नसतो आणि खाण्याचाही नसतो. 'माझे वजन पुरेशा वेगाने उतरते आहे ना?' हा तो प्रश्न. त्याच सुमारास ऑपरेशन झालेल्या दुसऱ्या कुणाचे बारा किलो उतरलेले असतात, आपले आठच, आणि मग आपले काय चुकते आहे याचा शोध सुरू होतो. आज मला एवढेच मांडायचे आहे की हा वेग रुग्णाच्या निग्रहाचे प्रगतिपुस्तक नव्हे. तो बऱ्याच अंशी शरीराच्या हिशेबाने ठरतो, आणि कालांतराने मंदावणे हे त्या हिशेबातच लिहिलेले असते.

शस्त्रक्रियेची थोडक्यात उजळणी करू. जठराचा बाहेरच्या वळणाकडचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग स्टेपलरने कापून काढून टाकला जातो आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी मागे उरते. आतड्याची जोडणी बदलली जात नाही. मुळात ही क्रिया एका मोठ्या शस्त्रक्रियेचा केवळ एक भाग होती. फार जास्त वजनाच्या रुग्णांना ती मोठी शस्त्रक्रिया एका दमात सोसणार नाही, म्हणून शल्यविशारदांनी आधी फक्त जठराचा टप्पा करून थांबण्याची पद्धत सुरू केली. पुढे असे दिसले की अनेकांचे वजन त्या पहिल्या टप्प्यानंतरच इतके उतरते की दुसऱ्याची गरज पडत नाही. अशा रीतीने एक टप्पा स्वतंत्र शस्त्रक्रिया झाला आणि आज जगात स्थूलतेवर सर्वाधिक प्रमाणात केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांमध्ये त्याची गणना होते.

आता वेगाकडे वळू. पहिल्या दोन आठवड्यांत काटा ज्या झपाट्याने खाली येतो, त्यातला मोठा वाटा चरबीचा नसतो. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साखरेचा साधारण चार-पाचशे ग्रॅम साठा असतो आणि त्याचा प्रत्येक ग्रॅम आपल्यासोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. आहार एकदम घटला की हा साठा खर्च होतो, पाणी लघवीवाटे निघून जाते आणि दीड-दोन किलो 'वजन' चरबीला हातही न लावता कमी होते. याउलट ऑपरेशनच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सलाइनमुळे वजन आधीपेक्षा वाढलेलेही दिसू शकते. म्हणून इस्पितळातून घरी गेल्या गेल्या काट्यावर उभे राहण्यात काही अर्थ नाही.

बऱ्याच जणांना पहिला धक्का बसतो तो तिसऱ्या आठवड्याच्या आसपास. काटा अडतो, चार दिवस, आठ दिवस, कधी त्याहूनही जास्त. आहार जेमतेम सहा-सातशे कॅलरींचा आणि वजन जागचे हलत नाही, हे पाहून माणूस हवालदिल होतो. इथे जरा शांतपणे गणित करावे. या काळात रोज दोनशे ग्रॅमच्या आसपास चरबी जळत असेल, तर आठवड्याला ती साधारण दीड किलो भरते. शरीरातील पाण्याचा चढउतार मात्र एक-दोन किलोंचा सहज असतो. रिकाम्या झालेल्या ग्लायकोजेनचा थोडा साठा पुन्हा भरणे, मासिक पाळी, बद्धकोष्ठता, मिठाचे प्रमाण, नव्याने सुरू केलेला व्यायाम, यांतले एखादे कारणही आठवडाभराची खरी घट झाकायला पुरते. चरबी जळतच असते, काट्यावर ती दिसत नाही एवढेच. म्हणून मी रुग्णांना आठवड्यातून एकदाच, एकाच काट्यावर, सकाळी एकाच वेळी वजन करायला सांगतो आणि चार आठवड्यांच्या नोंदी एकत्र ठेवल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नका असे बजावतो. रोज तीनदा काट्यावर चढणाऱ्या माणसाला माहिती मिळत नाही, मनस्ताप मात्र मिळतो.

पुढच्या महिन्यांत वेग का मंदावतो हे समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका व्यक्तीचे वजन १२० किलो आहे आणि तिच्या शरीराचा दिवसाचा खर्च २,४०० कॅलरींचा आहे असे समजा. पहिल्या दोन महिन्यांत ती ७०० कॅलरी घेते, म्हणजे रोजची तूट १,७०० कॅलरींची. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी धरल्या तर आठवड्याला दीड किलोच्या वर घट होते. सहाव्या महिन्यात शरीर लहान झालेले असते. लहान शरीराला चालवायला, उचलायला, उबदार ठेवायला कमी ऊर्जा लागते, आणि वजन घटवणाऱ्या शरीराचा खर्च नुसत्या आकारमानाच्या हिशेबापेक्षाही थोडा जास्त आखडतो. खर्च १,९०० वर आला, आहार वाढत वाढत १,१०० झाला, तर तूट ८०० ची राहते आणि आठवड्याची घट पाऊण किलोच्या आत येते. वर्षाच्या शेवटी खर्च १,७५० आणि आहार १,४५० असेल, तर आठवड्याला जेमतेम पाव किलो उतरेल. नंतर दोन्ही आकडे एकमेकांना भेटतात आणि वजन स्थिरावते. या व्यक्तीने कुठेही बेशिस्त केलेली नाही, हे लक्षात घ्या. वाढलेला आहारही तिचा गुन्हा नव्हे. पातळ आहारातून मऊ आणि मऊ आहारातून नेहमीच्या आहारावर येणे तिला सांगितलेलेच असते, आणि वर्षभर ७०० कॅलरींवर राहणे कुणाच्याही हिताचे नाही.

साधारण चित्र असे आहे. पहिल्या वर्षाअखेर मूळ वजनाच्या २५ ते ३० टक्क्यांच्या आसपास घट होते. वर्षभरातील घटीचा बराच मोठा भाग, सुमारे तीन चतुर्थांश, पहिल्या सहा महिन्यांतच पडून जातो. सर्वांत कमी वजन बहुधा १२ ते १८ महिन्यांच्या दरम्यान नोंदले जाते. या सरासरीच्या दोन्ही बाजूंना भरपूर माणसे असतात.

तुलना करताना आणखी एक फसगत होते, ती मापाची. वजन घटल्याची टक्केवारी दोन प्रकारे सांगितली जाते. एक, मूळ वजनाच्या किती टक्के घट झाली. दुसरा, जादा वजनाच्या, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती याचा निर्देशांक) २५ धरून येणाऱ्या वजनाच्या वर जेवढे होते त्याच्या, किती टक्के घट झाली. १६५ सेंटिमीटर उंचीच्या तीन व्यक्ती घ्या. बीएमआय २५ प्रमाणे तिघांचे वजन ६८ किलो हवे. पहिलीचे ९५, दुसरीचे १२०, तिसरीचे १६०. तिघांचेही मूळ वजनाच्या बरोबर २५ टक्के उतरले, तर किलोंमध्ये ते अनुक्रमे सुमारे २४, ३० आणि ४० होते. जादा वजनाच्या मापाने मात्र पहिलीची घट सुमारे ८८ टक्के, दुसरीची ५८ आणि तिसरीची ४३ टक्के भरते. म्हणजे किलो मोजले तर तिसरी पुढे, जादा वजन मोजले तर ती सर्वांत मागे, आणि मूळ वजन मोजले तर तिघी सारख्याच. दुसऱ्याच्या आकड्याशी आपला आकडा ताडून पाहणाऱ्याने आधी एवढे तरी विचारावे की तो कशाचा टक्का आहे, आणि सुरुवातीचे वजन कोणते धरले आहे. ऑपरेशनपूर्वी यकृताचा आकार कमी व्हावा म्हणून दोन आठवडे कमी कॅलरींचा आहार देतात, आणि त्यातच काही किलो उतरलेले असतात. ते कुणी हिशेबात धरतो, कुणी धरत नाही.

शस्त्रक्रिया नेमके काय करते, याचे जुने उत्तर सोपे होते: जठर लहान झाले, म्हणून खाणे कमी झाले. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. जठराचा जो वरचा फुगीर भाग काढला जातो, त्यात घ्रेलिन हे भूक चाळवणारे संप्रेरक मोठ्या प्रमाणावर तयार होते. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी ते शोधून काढले. स्लीव्हनंतर रक्तातील त्याची पातळी घसरते आणि अनेकांना पहिले काही महिने भूक अशी लागतच नाही. एवढ्यावरून सारे श्रेय घ्रेलिनला द्यावे, तर ज्या उंदरांच्या शरीरात घ्रेलिन मुळात तयारच होत नाही, त्यांचेही वजन या शस्त्रक्रियेने तितकेच उतरल्याचे प्रयोगांत दिसले. अन्न आतड्यात लवकर पोहोचते, त्यामुळे जेवणानंतर जीएलपी-१ सारखी तृप्तीची संप्रेरके जास्त स्रवतात, आणि पित्तातील आम्लांकडून शरीराला मिळणारे संदेशही बदलतात. मला सर्वांत बोलका वाटतो तो एक वेगळाच प्रयोग. स्लीव्ह झालेल्या, वजन स्थिरावलेल्या उंदरांना काही काळ उपाशी ठेवून आणखी बारीक केले. मग अन्न मोकळे केल्यावर ते भरपूर खाऊन पुन्हा वाढले, पण शस्त्रक्रियेनंतर स्थिरावलेल्या वजनापर्यंतच, त्याआधीच्या मूळ वजनापर्यंत नव्हे. म्हणजे शरीर जे वजन राखू पाहते, तेच शस्त्रक्रियेने खाली सरकते असे दिसते. माणसाला हे जसेच्या तसे लावू नये. तरी वजन ठरावीक जागी येऊन का थांबते आणि त्याखाली जबरदस्तीने ओढलेले का टिकत नाही, याचा काही उलगडा त्यातून होतो.

कोणाचे वजन सावकाश उतरते? वय जास्त असलेल्यांचे, इन्सुलिनवर असलेल्या मधुमेहींचे, सांधेदुखीमुळे हालचाल मर्यादित असलेल्यांचे, आणि मनोविकारावरील किंवा स्टेरॉइडसारखी वजन वाढवणारी औषधे घ्यावी लागणाऱ्यांचे. स्त्रियांचे किलो पुरुषांपेक्षा कमी उतरतात, कारण त्यांचे मूळ वजन आणि स्नायूंचे प्रमाण सरासरीने कमी असते. या कारणांतली बहुतेक रुग्णाच्या हातातली नाहीत. मात्र 'वेगाला काही महत्त्वच नाही' असेही मी म्हणणार नाही. पहिल्या तीन ते सहा महिन्यांतील घट आणि वर्षाअखेरची घट यांचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. सहाव्या महिन्यात वजनाची रेषा अपेक्षेपेक्षा फारच वर असेल, तर ती शोध घेण्याची वेळ असते: गोड पेये, दिवसभर थोडे थोडे चरत राहणे, थायरॉइड, औषधे, नैराश्य. हा शोध उपचार करणाऱ्या पथकाने घ्यायचा असतो. रुग्णाला दटावून वजन उतरत नाही, फक्त तो पुढच्या तपासणीला येईनासा होतो.

वेग वाढवण्याच्या हट्टापायी होणारे नुकसान मला अधिक काळजीचे वाटते. उतरणाऱ्या प्रत्येक दहा किलोंत दोन-तीन किलो चरबीखेरीज इतर ऊतींचे असू शकतात, आणि त्यांत स्नायू येतात. प्रथिने कमी पडली आणि शरीर निजून राहिले की हा वाटा वाढतो. काटा तेव्हाही खूश करतो, कारण स्नायूच्या एका किलोत चरबीच्या किलोपेक्षा कितीतरी कमी ऊर्जा साठलेली असल्यामुळे वजन झपाट्याने पडते. त्याची किंमत नंतर मोजावी लागते, कारण विश्रांतीतही ऊर्जा खर्चणारे ऊतकच गमावलेले असते. म्हणून दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने, आणि जखमा भरल्यावर वजन उचलण्याचा व्यायाम, यांवर आम्ही भर देतो. झपाट्याने वजन उतरताना पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो. त्यासाठी पहिले सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. बहुतेकदा ते परत येतात, मात्र लोह, जस्त आणि प्रथिनांची कमतरता नाही ना, हे पाहून घ्यावे.

एका गोष्टीत मात्र कुणीही थांबून राहू नये. सतत उलट्या होत असतील, पाणीही टिकत नसेल आणि वजन भरभर उतरत असेल, तर ते शस्त्रक्रियेचे यश समजू नका. नळी अरुंद झालेली असू शकते, आणि थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व काही आठवड्यांत संपून मेंदूला व मज्जातंतूंना इजा होऊ शकते. चालताना तोल जाणे, दोन-दोन प्रतिमा दिसणे, गोंधळल्यासारखे होणे, यांपैकी काहीही जाणवले तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. तसेच मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधे जुन्याच मात्रेत चालू ठेवणे धोक्याचे आहे. वजन उतरण्याच्या आधीच साखर खाली येऊ लागते, आणि इन्सुलिनची मात्रा बहुधा पहिल्या काही दिवसांतच बदलावी लागते. गर्भधारणा १२ ते १८ महिने पुढे ढकलण्याचा सल्लाही याच वेगामुळे दिला जातो. शरीर इतक्या मोठ्या तुटीत असताना दोन जिवांचे पोषण सांभाळणे कठीण असते.

दोन वर्षांनंतरचे काय? थोडे वजन परत येणे हे नेहमीचेच आहे. स्लीव्ह आणि बायपास (जठराची लहान पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया) यांची तुलना करणाऱ्या फिनलंडमधील एका चाचणीत २४० रुग्ण होते. तिचे दहा वर्षांचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. स्लीव्हच्या गटात जादा वजनाची घट दहा वर्षांनी सुमारे ४४ टक्के होती, बायपासच्या गटात सुमारे ५१. त्याच चाचणीत पाच वर्षांनी हे आकडे ४९ आणि ५७ होते. म्हणजे पाचव्या वर्षापासून दहाव्यापर्यंत वजनाच्या दोन्ही रेषा थोड्याशाच वर सरकल्या, पूर्ववत झाल्या नाहीत. ज्यांचे वजन लक्षणीय प्रमाणात परत येते, त्यांच्यासाठी आता पर्याय वाढले आहेत. नळीची तपासणी करून गरजेप्रमाणे बायपासमध्ये रूपांतर करता येते, विशेषतः आम्लपित्ताचा आणि अन्ननलिकेच्या दाहाचा त्रास सोबत असेल तेव्हा. सेमाग्लुटाइडसारखी भूक कमी करणारी औषधेही शस्त्रक्रियेनंतर वापरली जात आहेत. यांतले काय घ्यावे, हे वर्षाच्या कोणत्या महिन्यात किती किलो उतरले होते यावर ठरत नाही. सध्याचे वजन, सोबतचे आजार आणि वजन वाढण्यामागचे कारण पाहून ते ठरवावे लागते, आणि त्यासाठी पाचव्या, सातव्या, दहाव्या वर्षीही तपासणीला येत राहावे लागते.