फ्लेचर हेंडरसन: स्विंग ज्याने कागदावर उतरवलं

(पडद्यावर: पालोमार बॉलरूमची जुनी छायाचित्रं)

२१ ऑगस्ट १९३५. लॉस एंजेलिसच्या पालोमार बॉलरूममध्ये बेनी गुडमनचा बँड वाजवतोय. न्यूयॉर्कहून निघाल्यापासून दौऱ्याला बहुतेक ठिकाणी थंडा प्रतिसाद मिळालाय. म्हणून आज सुरुवातीला सगळं जपून, गुळगुळीत. लोक नाचतायत, पण हॉल काही पेटत नाही. शेवटी गुडमन वादकांना दुसरे कागद काढायला सांगतो. बनी बेरिगनचा ट्रम्पेट कडाडतो आणि पोरंपोरी नाच सोडून स्टेजपुढे गर्दी करतात. स्विंगचं, म्हणजे मोठ्या बँडच्या झुलत्या, नाचायच्या जॅझचं युग बरेच जण याच रात्रीपासून मोजतात.

त्या कागदांवरचं संयोजन, म्हणजे कोणत्या वाद्याने कधी काय वाजवायचं याची मांडणी, फ्लेचर हेंडरसनचं होतं.

(पडद्यावर: जॉर्जियाचा नकाशा, कथबर्ट)

जन्म १८९७, जॉर्जिया राज्यातल्या कथबर्ट गावी. वडील शाळेचे मुख्याध्यापक, आई पियानो शिकवायची. अटलांटा विद्यापीठातून पदवी घेऊन १९२० मध्ये तो न्यूयॉर्कला आला, तो रसायनशास्त्रात पुढे काही करायच्या बेताने. पण कृष्णवर्णीय रसायनतज्ज्ञाला तिथे कोण उभं करणार? लहानपणी शिकलेला पियानो कामी आला. आधी एका संगीत प्रकाशन कंपनीत गिऱ्हाइकांना गाणी वाजवून दाखवायची नोकरी, मग हॅरी पेसच्या ‘ब्लॅक स्वान’ या रेकॉर्ड कंपनीत संगीताची जबाबदारी. बँडलीडर व्हायचं त्याने ठरवलं नव्हतं, आणि त्याचा मऊ स्वभाव पुढे त्याला फार महागात पडला.

१९२४ मध्ये त्याचा बँड ब्रॉडवेवरच्या रोझलँड बॉलरूममध्ये लागला. वाजवणारे कृष्णवर्णीय, नाचणारे गोरे. त्याच वर्षी त्याने शिकागोहून ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगला बोलावून घेतलं. आर्मस्ट्राँग जेमतेम वर्षभर होता, पण तेवढ्यात बँडची चाल बदलली. ताल आधी ताठ पडायचा, तो आता झुलायला लागला. शेजारी बसलेला कोलमन हॉकिन्स हे सगळं सॅक्सोफोनवर उतरवत होता. आणि बँडचा अरेंजर, म्हणजे संयोजन लिहिणारा, डॉन रेडमन? त्याच्यासमोर प्रश्न असा होता, की एकट्या माणसाच्या वाजवण्यातला हा झोका दहा-अकरा माणसांकडून एकदम कसा काढायचा? त्याने बँडचे गट पाडले. ट्रम्पेट-ट्रॉम्बोन एकीकडे, सॅक्सोफोन-क्लॅरिनेट दुसरीकडे, आणि मध्ये एकट्या वादकासाठी मोकळी जागा. १९२७ मध्ये रेडमन दुसऱ्या बँडकडे गेला, आणि अरेंजरचं काम हळूहळू हेंडरसनने स्वतःच्या हातात घेतलं.

आता ‘किंग पोर्टर स्टॉम्प’चा शेवट ऐका.

(संगीत: ‘किंग पोर्टर स्टॉम्प’, शेवटचे आवर्त)

पितळी वाद्यं एक छोटा तुकडा फेकतात, सॅक्सोफोन तो झेलून उत्तर देतात. तमाशातला सवाल-जवाब रंगावा तसं. तुकडे अगदी साधे, शिटीवर वाजवता येतील इतके. जोर येतो तो त्यांच्या जागांमुळे. मूळ चाल जेली रोल मॉर्टनची. हेंडरसनच्या बँडने ती १९२८, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा रेकॉर्ड केली. बरंचसं वाजवता वाजवताच ठरत गेलं होतं. गुडमनसाठी हेंडरसनने जे लिहून काढलं, त्यात त्याच्या वादकांची कित्येक वर्षांची रात्रपाळी मुरलेली होती.

मग तो बँड का टिकला नाही? १९२८ मध्ये मोटार अपघातात त्याला दुखापत झाली; त्यानंतर धंद्यातलं त्याचं लक्षच उडालं, असं पत्नी लिओरा सांगायची. १९२९ मध्ये फिलाडेल्फियात एका संगीतिकेच्या तालमीत त्याच्या माणसांना काढून गोरे वादक बसवण्यात आले आणि हा गप्प राहिला. चांगले वादक दुखावून निघून गेले. मला हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत क्लेशदायक प्रसंग वाटतो. पुढे मंदी आली. १९३४ मध्ये हॉकिन्स युरोपला गेला. त्याच्या जागी आलेल्या लेस्टर यंगला लिओरा घरी हॉकिन्सच्या रेकॉर्ड ऐकवायची, असं वाजव म्हणून. यंग काही महिन्यांत निघून गेला. ‘डाऊन साऊथ कॅम्प मीटिंग’, ‘रॅपिन इट अप’ ही हेंडरसनची उत्तम कामं त्याच वर्षीची, आणि वर्ष संपता संपता बँड मोडला.

नेमकं तेव्हाच गुडमनला ‘लेट्स डान्स’ या शनिवार रात्रीच्या रेडिओ कार्यक्रमासाठी दर आठवड्याला नवं साहित्य हवं होतं. रेकॉर्ड निर्माता जॉन हॅमंडने हेंडरसनचं नाव सुचवलं. हेंडरसनने जुन्या चाली लिहून दिल्या, आणि ‘समटाइम्स आय एम हॅपी’, ‘ब्लू स्काइज’ यांसारखी लोकांच्या तोंडातली गाणीही त्याच साच्यात बसवली. माझ्या मते त्याची खरी करामत या दुसऱ्या कामात आहे: ओळखीचं गाणं ओळखीचं ठेवूनच त्याने ते झुलतं केलं. गुडमनने त्याचं श्रेय कधी नाकारलं नाही. स्वतःच्या आठवणींत त्याने ते मोकळेपणी दिलं आहे. पण ‘स्विंगचा राजा’ हा किताब गोऱ्या गुडमनला मिळाला. एक कृष्णवर्णीय बँड १९३५ च्या अमेरिकेत तोच कागद घेऊन त्याच दाराने आत जाऊ शकत नव्हता.

आपल्याकडे हिंदी सिनेमाच्या गाण्यांमागे सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस अशा गोव्याच्या अरेंजरांचे हात होते, हे श्रोत्यांना फार उशिरा कळलं. त्यामुळे हेंडरसनची गोष्ट आपल्याला परकी वाटायचं कारण नाही.

१९३६ मध्ये त्याने पुन्हा बँड उभा केला. ‘ख्रिस्तोफर कोलंबस’ गाजलंही, पण बँड टिकला नाही. १९३९ मध्ये तो गुडमनकडेच नोकरीला लागला. १९५० च्या डिसेंबरमध्ये पक्षाघात झाला, आणि २९ डिसेंबर १९५२ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये त्याचं निधन झालं.

(पडद्यावर: दोन रेकॉर्डची लेबलं)

आता ‘किंग पोर्टर स्टॉम्प’ची दोन ध्वनिमुद्रणं लागोपाठ ऐका. आधी हेंडरसनचा बँड, १९३२. मग गुडमनचा, १९३५. दुसरं जास्त घोटीव आहे, प्रत्येक सूर जागच्या जागी. पहिल्यात वादक एकमेकांच्या अंगावर धावून जातात. मी तरी दर वेळी पहिल्याकडेच परततो.