दोन फुटांची टाकी आणि जोडीची सवय

घरात मासे पाळण्यासाठी घेतलेली ही काचेची टाकी 2 फूट लांब, 1 फूट रुंद आणि 1 फूट उंच आहे. बाहेरच्या मापाने हिशेब केला तर तिच्यात सुमारे 57 लिटर पाणी मावते. परंतु तळाची खडी, दगड, झाडे आणि वर मोकळी सोडलेली जागा वजा केली, की माशांच्या वाट्याला 40 लिटरच्या आसपासच पाणी येते. कोणते मासे पाळावेत आणि किती, याचा विचार या 40 लिटरांपासून करावा लागतो.

कुर्ल्याच्या बाजारात काय किंवा गावातल्या एखाद्या लहान दुकानात काय, शोभेचे मासे बहुधा जोडीने विकले जातात. त्यामुळे घरी आणलेल्या पिशवीत गोल्डफिशची एक जोडी, एंजलची एक जोडी, टायगर बार्बची एक जोडी, चार निऑन टेट्रा आणि काच स्वच्छ राहावी म्हणून एक सकर असतो. टाकी पहिल्या दिवशी फार सुरेख दिसते. मात्र गोल्डफिशला थंड पाणी मानवते, तो भरपूर घाण करतो आणि वीतभर वाढतो. मोठा झालेला एंजल निऑन टेट्राला सहज गिळतो. टायगर बार्ब हा थव्याने राहणारा मासा; दोघेच ठेवले, की त्यांची आपसातली झटापट बाहेर वळते आणि एंजलचे लांब, लोंबते पर कुरतडले जातात. बोटाएवढा दिसणारा सकर तर फूटभराहून मोठा होतो.

असा वाढलेला सकर टाकीत मावेनासा झाला, की अनेकजण दयाबुद्धीने त्याला तलावात सोडतात. कृपया तसे करू नये. दक्षिण अमेरिकेतून आलेला हा मासा पूर्व कोलकात्याच्या पाणथळ भागात पसरला असून तो काठाच्या मातीत बिळे करतो आणि तिथल्या मत्स्यशेतीला त्रासदायक ठरला आहे.

माशांची संख्या ठरवण्यासाठी ‘एका लिटरला एक सेंटिमीटर मासा’ असा एक ठोकताळा सांगितला जातो. लहान, सडपातळ माशांसाठी तो कामचलाऊ आहे, पण त्यावर विसंबून राहता येत नाही, कारण मासा लांबीने दुप्पट झाला, की त्याचे वजन दुप्पट न होता सुमारे आठपट होते आणि त्याचे खाणे व त्याची घाणही वजनाबरोबर वाढत जाते. शिवाय मोजायची ती पूर्ण वाढलेल्या माशाची लांबी. दुकानातल्या पिल्लाची नव्हे.

दाटी झाली, की घात होतो तो अमोनियामुळे. मासे तो कल्ल्यांवाटे सतत बाहेर टाकतात. उरलेले अन्न आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. फिल्टरमध्ये आणि खडीवर वाढणारे जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग त्या मानाने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. नव्या टाकीतले स्वच्छ, नितळ दिसणारे पाणी म्हणूनच फसवे असते, आणि पहिल्याच आठवड्यात मेलेल्या माशांचे दुःख पुष्कळदा त्या पाण्यातूनच आलेले असते.

यानंतर आपल्या नळाला कोणते पाणी येते ते पाहावे. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या धरणांतून येणारे पाणी मृदू आहे, तर दख्खनच्या काळ्या खडकातल्या बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. जड पाण्यात गप्पी आनंदाने राहतो. मात्र तिथेही जोडी आणू नये. मादी एकदा फळली, की नराशिवायही पुन्हा पुन्हा पिल्ले देते आणि काही महिन्यांत टाकी भरून जाते. या टाकीत 6 गप्पी ठेवावेत, आणि ते सगळे नर असावेत.

मुंबईच्या मृदू पाण्यासाठी बहुतेकांच्या मनात निऑन टेट्रा असतो. पण मे महिन्यात टाकीतले पाणी 30 अंशांवर जाते आणि निऑनला ते सोसत नाही. त्याऐवजी आम्ही हार्लेक्विन रासबोरा सुचवतो. मलाय द्वीपकल्प आणि सुमात्रातला हा तांबूस मासा 4 ते 5 सेंटिमीटरच वाढतो, आणि किमान 8 जण असले, की दबून न राहता टाकीच्या मधल्या थरात थव्याने फिरतो. वरच्या थरासाठी एक हनी गौरामी पुरे. हा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, आपल्याच देशातला शांत मासा आहे. तळ रिकामा वाटेल. तो तसाच राहू द्यावा.

टाकी तयार झाली, म्हणजे तिच्यातले जिवाणू पुरेसे वाढले, की आधी रासबोरांचा थवा सोडावा आणि आणखी 2 आठवडे खाणे बेतानेच घालावे. दर आठवड्याला 10 लिटर, म्हणजे अर्धी बादली पाणी बदलावे. नवे पाणी क्लोरीन काढलेले असावे. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीनने त्यातले जिवाणू मरतात. गौरामी सर्वांत शेवटी सोडावा. तोवर रासबोरांनी मधला थर व्यापलेला असतो आणि नव्याने आलेला गौरामी वरच्या पानांच्या सावलीत आपली जागा शोधतो.