बाईंनी लावलेली स्टेडी

नमस्कार मंडळी. ओळख करून देताना आत्ता मला ‘योगसाधक’ म्हटलं गेलं. ऐकायला बरं वाटलं, पण मी मूळचा टर्नर. आयटीआय केलं आणि नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात अठरा वर्षं लेथवर, म्हणजे धातू फिरवून कापायच्या यंत्रावर, काढली. योगाकडे वळलो तो कंबरेच्या मेहेरबानीने.

लेथवर माणूस सरळ उभा नसतो. एका पायावर भार, मान पुढे, नजर टूलच्या टोकावर. आठ तासांत ही ठेवण मोडते ती फक्त चहाच्या सुट्टीत. त्यात एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, एक सेकंड, एक थर्ड, म्हणजे झोपेचे तीनतेरा. चाळिशी गाठायच्या आत सकाळी चपलेत पाय सरकवायला भिंत धरायला लागायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पट्टा दिला, वर ‘व्यायाम करा’ म्हणाले. आमच्या सिडकोत समाजमंदिरात पहाटे योगाचा वर्ग भरायचा. फी परवडणारी होती, म्हणून गेलो. अध्यात्मबिध्यात्म काही डोक्यात नव्हतं.

आणि गेल्या गेल्या मी काय केलं? शेजारच्याकडे बघितलं. तो पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून पुढे वाकायच्या आसनात, कपाळ गुडघ्याला लावायचा, माझे हात नडगीच्या खाली जायला तयार नाहीत. वर्कशॉपमधला माणूस मी. जॉब, म्हणजे यंत्रावर घडवायचा धातूचा तुकडा, बसत नसेल तर बसवायचा, एवढंच ठाऊक. वर्ग घेणाऱ्या बाई ‘जमेल तेवढंच’ म्हणत राहिल्या आणि मी पायाचे अंगठे धरून ओढत राहिलो. एका सकाळी मांडीच्या मागे, अगदी बसायच्या हाडापाशी, कट्कन झालं. पुढचे आठ महिने स्कूटरवर बसलं तरी ठणकायचं. यात दोष कोणाचा नाही, माझाच. आजही वर्गात नवीन आलेला पुरुष शेजाऱ्याकडे बघताना दिसला की मला ती कट्कन ऐकू येते. बायका बघत नाहीत असं नाही, पण त्या ओढत नाहीत.

बरं वाटल्यावर परत गेलो. बाई निवृत्त शिक्षिका, पुण्याला अय्यंगार पद्धतीने शिकलेल्या. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले, ते स्वतः लहानपणी आजारांनी पिचलेले. दोर, पट्टे, विटा, घोंगड्या, खुर्च्या हे सगळं त्यांनी आसनाला जोडलं, ते दुखऱ्या, ताठ शरीरालाही आसन मिळावं म्हणून. त्या दिवशी बाईंनी मला पाय पसरून बसवलं, खाली दुमडलेली चादर सरकवली, मांड्यांवर आडवा एक बुटका स्टूल ठेवला आणि म्हणाल्या, “कपाळ यावर टेकवा, आणि आता काही करू नका.”

मंडळी, लेथवर लांब, बारीक जॉब बांधला ना, की टूल लागताच तो मध्येच वाकतो, थरथरतो. कितीही कौशल्य असो, पृष्ठभागावर लाटा उमटणारच. नवशिका काय करतो? चक, म्हणजे जॉब पकडणारा जबडा, आणखी आवळतो. वस्ताद काय करतो? मध्ये स्टेडी लावतो. स्टेडी म्हणजे जॉबला मधोमध आधार देणारी कडी. ती जॉब दाबत नाही, नुसती धरते. आधार मिळाला की थरथर थांबते आणि कट साफ निघतो.

स्टुलावर कपाळ टेकलं आणि मला कळलं, ही स्टेडी आहे. अठरा वर्षं मी रोज लावत होतो, पण जॉबला. स्वतःला मात्र चक आवळत होतो. तीन-चार मिनिटांनी पाठीचा कुठलासा स्नायू आपणहून सुटला. मी सोडला नव्हता, त्यालाच खात्री पटली की आता पडणार नाही.

पुढे वाचायला लागलो. पतंजलींची योगसूत्रं १९५, काही प्रतींत १९६. त्यात आसनावर सूत्रं किती? तीन! स्थिर आणि सुखाचं ते आसन, हे एक. दुसऱ्यात ते साधायची रीत दिलीय, आणि तिथला पहिलाच शब्द ‘प्रयत्नशैथिल्य’, म्हणजे प्रयत्न सैल करणं. मी हा शब्द वाचून हसलो. आठ महिने आधी वाचला असता तर मांडी वाचली असती. खरं म्हणजे वाचून काही उपयोग झाला नसता.

आता दादांचं सांगतो, माझ्या वडिलांचं. पक्के वारकरी. पौष वद्य एकादशीला दिंडीबरोबर पायी त्र्यंबकला, निवृत्तिनाथांच्या समाधीला. मच्छिंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती ही नाथांची परंपरा त्यांना तोंडपाठ. ‘हठयोगप्रदीपिका’ हा हठयोगाचा जुना ग्रंथही ही विद्या जाणणाऱ्यांत पहिली नावं मच्छिंद्र-गोरक्षांचीच घेतो. म्हणजे मी सिडकोत फी भरून जे शोधत होतो, ते घरातल्या देव्हाऱ्यापाशी लाल कापडात बांधलेलं होतं.

एकदा मी त्यांना ऐटीत म्हटलं, “दादा, जेवल्यावर वज्रासनात बसत जा.” आणि गुडघे दुमडून दाखवलं. दादांनी ज्ञानेश्वरी काढली, सहावा अध्याय उघडला. तिथे वज्रासन हे मूळबंधाचं दुसरं नाव आहे. टाच शिवणीशी, म्हणजे गुदद्वाराच्या पुढच्या भागाशी, लावून बसायचं, भलतंच अवघड. १२९० सालचं वज्रासन वेगळं आणि आपलं जेवणानंतरचं वेगळं. मी म्हटलं, करून बघू का? दादा म्हणाले, “पोथीत आहे म्हणून लगेच करून बघायचं नसतं रे. आधी नीट बस तरी.”

ते स्वतः मांडी घालून बसले होते. एक गुडघा अधांतरी, आणि त्याच्याखाली जुन्या घोंगडीची घडी. कोणी शिकवलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, “कोण शिकवणार? तासभर वाचायचं असतं.”

आता थोडं करून बघू. खुर्च्या मागे सरकवा. मागच्या टेबलावर चादरी ठेवल्यात. ज्यांचे गुडघे टेकत नाहीत, त्यांनी दोन-दोन घ्या.