चित्राखालचा मजकूर वाचा हो!

मघाशी विषय वाचून दाखवला गेला, 'सुट्टीत रोज एक शब्द, रोज एक आकाशचित्र'. त्याकडे येतोच. पण आधी मला एक तक्रार करायची आहे, आणि तुम्ही आयतेच समोर बसला आहात.

नाताळ जवळ आला की मोबाइलवर एक हिरवं झाड येतं. काळ्या आकाशात हिरवी पालवी, तिच्यावर लुकलुकणारे निळे-पांढरे दिवे, आणि वर ओळ, की अवकाशात ख्रिसमस ट्री सापडलं! चित्र खोटं नाही बरं का. २०२३च्या डिसेंबरात नासानंच ते प्रसिद्ध केलं. एनजीसी २२६४ नावाचा तारकागुच्छ आहे तो, सुमारे २,५०० प्रकाशवर्षांवरचा. दिवे म्हणजे नासाच्या 'चंद्रा' नावाच्या अवकाश दुर्बिणीनं क्ष-किरणांत टिपलेले कोवळे तारे, पालवी म्हणजे तिथला वायू. कोवळे म्हणजे किती? दहा ते पन्नास लाख वर्षांचे. (हशा) हसताय काय, आपला सूर्य साडेचार अब्ज वर्षांचा आहे!

पण मूळ चित्राखाली नासानं स्वच्छ लिहिलं होतं, की रंगांची निवड आणि चित्र फिरवणं यांमुळे झाडाचा भास वाढलाय. फिरवलंय किती, तर सुमारे १६० अंश. आणि दिवे एका तालात लुकलुकतात ती करामत अॅनिमेशनची, तारे तसं काही करत नाहीत. पुढे पाठवणाऱ्यांनी नेमका हाच मजकूर कापला. दागिना टाकून डबी जपली! एका पुतण्याला विचारलं, "अरे, खालचं लिहिलेलं कुठं गेलं?" तर म्हणतो, "काका, चित्र बघा ना, वाचत काय बसता!"

आता डिसेंबरचं दुसरं चित्र. हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही, माझ्या घरचे याला कंटाळलेत. २४ डिसेंबर १९६८. अमेरिकेचं अपोलो ८ यान चंद्राभोवती चौथी फेरी मारतंय. आत तीन अंतराळवीर, बोरमन, लव्हेल आणि अँडर्स. अँडर्सकडे काम चंद्राच्या पृष्ठभागाचे फोटो काढायचं. यान वळतं आणि खिडकीत अचानक निळी पृथ्वी वर येताना दिसते. अँडर्स कॅमेरा उचलतो, तर बोरमन गमतीनं म्हणतो, अरे, काढू नकोस, हे वेळापत्रकात नाही! कॅमेऱ्यात फिल्म कृष्णधवल. एक फोटो त्यावरच निघतो. मग 'रंगीत रोल द्या, लवकर!' अशी धांदल. लव्हेल शोधतोय, पृथ्वी खिडकीतून सरकतेय, ती मग दुसऱ्या खिडकीत सापडते आणि फोटो निघतो. पुढे कित्येक वर्षं बोरमन सांगत राहिले की फोटो मी काढला. कार्यालयात चालतं तसं चंद्रावरही चालतं. (हशा)

इथंही खालचा मजकूर हवाच. एक तर अँडर्सच्या नजरेला चंद्राचं क्षितिज उभं होतं, उजवीकडे. आपण छापताना ते आडवं केलं. दुसरं, चंद्रावर एका जागी उभं राहिलात तर पृथ्वी अशी उगवत नाही, ती आकाशात जवळपास तिथंच टांगलेली दिसते. उगवली ती यान फिरत होतं म्हणून. नुसतं चित्र पाहून हे कोणाला कळेल?

चिठ्ठी आली. सात मिनिटं. म्हणजे भाषणाचा विषय आता सात मिनिटांत. ठीक आहे.

रोज एक खगोलचित्र देणारं नासाचं संकेतस्थळ १६ जून १९९५ला सुरू झालं. नेमिरॉफ आणि बॉनेल हे दोन खगोलशास्त्रज्ञ ते चालवत आले. प्रत्येक चित्राखाली मोजक्या ओळी असतात. रोज एक नवा शब्द देणारी ठिकाणंही पुष्कळ आहेत. माझं म्हणणं इतकंच की ही दोन वेगळी कामं करू नका. आजचा शब्द आजच्या चित्राखालच्या ओळींतूनच उचला. तेजोमेघ, अवरक्त, दीर्घिका, त्या दिवशी जो अडेल तो. एकटा आलेला शब्द संध्याकाळपर्यंत उडून जातो, चित्राला बांधलेला टिकतो. आणि शब्द शोधायचा म्हटलं की ओळी वाचाव्याच लागतात. माझी तक्रारही मिटते!

दुसरं, दिवसाला एकच. सुट्टीत पंधरा दिवसांचं एका दुपारी उरकायचा मोह होतो, तो टाळा. १९९५च्या १८ ते २८ डिसेंबरला, ऐन सुट्टीत, हबल दुर्बीण सप्तर्षींतल्या एका जवळजवळ रिकाम्या तुकड्याकडे दहा दिवस बघत होती. हबलचं काम पाहणाऱ्या संस्थेचे संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी आपल्या अधिकारातला वेळ त्यावर लावला, काही दिसणार नाही असं बजावणारे होतेच. ३४२ वेळा प्रकाश टिपला, आणि त्या टिचभर जागेत सुमारे ३,००० दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड वस्त्या, निघाल्या. एका तुकड्याला दहा दिवस! आपण एका चित्राला एक दिवस द्यायला काय हरकत आहे?

तिसरा मुद्दा शब्दांच्या वहीचा होता. ती मी आणलीय, टेबलावर ठेवतो, चाळा. अध्यक्ष उभे राहिलेत, तेव्हा प्रश्न बाहेर.