उडताना लांब होणारं विमान

(दृश्य : धावपट्टी, खाली झुकलेलं नाक)

आधी हे नाक बघा. उतरताना साडेबारा अंश खाली. दिसायला डौलदार, पण कारण साधं. आवाजापेक्षा वेगाने प्रवासी नेणारं, त्रिकोणी पंखांचं काँकॉर्ड उतरताना तोंड इतकं वर करायचं, की नाक सरळ ठेवलं तर वैमानिकाला धावपट्टीच दिसायची नाही.

(दृश्य : तुलूझ, कृष्णधवल)

२ मार्च १९६९. आंद्रे त्युर्का यांनी ते पहिल्यांदा हवेत नेलं. तसंच सोव्हिएत विमान, तुपोलेव्ह-१४४, दोन महिने आधीच उडालं होतं, पण प्रवासी घेऊन २७ वर्षं उडत राहिलं ते हेच.

(दृश्य : कॉकपिट, फ्लाइट इंजिनिअरची जागा)

इथे जरा थांबू. हे पॅनेल आणि शेजारची भिंत. आत्ता मध्ये नखही जाणार नाही. पण ६०,००० फुटांवर, आवाजाच्या दुप्पट वेगात, इथे हात घालता यायचा! समोरची हवा दाबली जाऊन तापते. नाकाचं टोक १२७ अंशांपर्यंत जायचं आणि अख्खं विमान १५-२० सेंटिमीटर ताणलं जायचं. बाहेर थंडी उणे पन्नासच्या खाली, आणि खिडकीची काच हाताला कोमट. वेगाला लगाम होता तो या अ‍ॅल्युमिनिअमचा. मॅक २.०४, म्हणजे ताशी २,१०० किलोमीटरच्या वर; त्यापुढे पत्रा सोसेना. त्यात वेग वाढला की पंखांना वर उचलणारा जोर मागे सरकतो. मग तोल राखायला हा इंजिनिअर टनावारी इंधन मागच्या टाकीत पंप करत बसायचा. वैमानिकांची नावं सगळ्यांना ठाऊक, याचं कुणी विचारत नाही.

(दृश्य : ल बूर्जे संग्रहालय, विमान ००१)

३० जून १९७३. याच विमानाच्या छताला गोल खिडक्या पाडल्या आणि आफ्रिकेवरून चंद्राच्या सावलीबरोबर ते पळवलं. जमिनीवर खग्रास सूर्यग्रहण सात मिनिटांचं. आत बसलेल्या शास्त्रज्ञांना ७४ मिनिटं मिळालं.

(दृश्य : न्यूयॉर्कहून उड्डाण, इंजिनांच्या ज्वाळा)

७ फेब्रुवारी १९९६. न्यूयॉर्क ते लंडन, २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंद. पाठीशी वारा होता, मान्य.

आवाज, इंधनाचा खर्च, जुलै २००० मध्ये पॅरिसजवळ ११३ बळी. २००३ मध्ये सेवा बंद. एअर इंडियानेही दोन विमानं राखून ठेवली होती; घेतली नाहीत.

(दृश्य : पुन्हा तेच पॅनेल, जवळून)

शेवटच्या फेरीत उंचावर असताना इंजिनिअरने आपली टोपी या फटीत सारली. विमान उतरलं, थंड झालं.

(निवेदन थांबतं. टोपीवर कॅमेरा.)