पुट्टीच्या आधी
(लघु माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: टाटा ४०७. डाव्या दाराचा तळ, अगदी जवळून. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक रंगावर टेकतं आणि आत जातं.]

वरून रंग शाबूत होता. खालच्या कडेला एक फोड आला होता, बोटाच्या पेराएवढा. स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, जरासा दाबला, आणि टोक आरपार गेलं.

लोखंड गंजतं तेव्हा फुगतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा लागते, म्हणून तो रंगाला आतून ढकलतो. बाहेर फोड दिसेपर्यंत आतलं बरंचसं उरकलेलं असतं. दारात शिरलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून तळाशी भोकं ठेवलेली असतात. मातीनं, भुशानं ती बुजली की पाणी आतच साठतं आणि दार आतून बाहेर सडत येतं. नेमकं तेच या दारात झालं होतं.

[दृश्य: अंगण. गाडी शेडमध्ये उभी. मागे द्राक्षबागेचे तारा-खांब.]

हे तासगाव तालुक्यातलं एक अंगण. गाडी नव्वदच्या दशकातली. हंगामात द्राक्षांचे क्रेट, मग बेदाणा, उरलेलं वर्षभर खताची पोती. युरिया आणि ओल एकत्र आले की पत्र्याचं काय होतं, ते या हौद्याच्या फळ्यांखाली बघायला मिळतं. गाडी वडिलांनी चालवली. आता मुलगा तिचा पत्रा आणि रंगाची तयारी घरीच करतोय. त्यानं याआधी कधी हातात डॉली, म्हणजे पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा, धरलेली नाही.

[दृश्य: पुढच्या जाळीवरचा टाटाचा बिल्ला. कॅमेरा हळूहळू पूर्ण केबिनवर.]

ही केबिन नीट बघा. १९८० च्या दशकात जपानी कंपन्या भारतीय भागीदारांचा हात धरून हलक्या ट्रकच्या बाजारात उतरल्या. डीसीएम-टोयोटा, स्वराज-माझदा, ऑल्विन-निस्सान, आयशर-मित्सुबिशी. तोवर टेल्कोची, म्हणजे टाटांच्या गाड्यांच्या कंपनीची, ओळख मोठ्या ट्रकची. १९५४ पासून जमशेदपुरात ते बनत होते, सुरुवातीला डायमलर-बेंझच्या सहकार्यानं. छोट्या ट्रकचं उत्तर मात्र पुण्याहून आलं. टेल्कोचा पुण्याचा कारखाना उभा केला तो सुमंत मुळगावकरांनी. १९८६ साली ४०७ बाजारात आली तेव्हा कंपनीची सूत्रंही त्यांच्याच हातात होती. समोरच्या चार जोडनावांपैकी एकही आज त्या रूपात शिल्लक नाही. ४०७ अजून बनते, अजून विकली जाते.

आणि मोठ्या ट्रकांच्या केबिनी त्या काळात गावोगावचे बॉडी बिल्डर लाकूड-पत्र्यात बांधायचे, तेव्हा ४०७ ची केबिन कारखान्यातून पूर्ण पोलादी, साच्यात दाबलेली येत होती. त्या पत्र्याला आकार आहे, धार आहे, गोलाई आहे. भंगारात तो किलोवर जातो. इथं तो वाचवायचा चाललाय.

[दृश्य: पुढच्या काचेचं रबर सुटतंय. चार हात काच उचलतात.]

पहिलं काम उघडण्याचं. दिवे, बंपर, आरसे, दारांच्या पट्ट्या, आणि पुढची काच. गॅरेजमध्ये घाईच्या कामात काचेचं रबर जागेवर ठेवून त्याच्या कडेला टेप मारतात आणि वरून रंग फवारतात. दिसायला चांगलं दिसतं. पण ४०७ चा सगळ्यात वाईट गंज याच रबराखाली असतो, खालच्या दोन कोपऱ्यांत. पावसाचं पाणी रबराच्या खाचेत बसतं आणि तिथून हलत नाही.

[दृश्य: उघडा पडलेला कोपरा. तपकिरी पापुद्रे. बोट फिरतं, पापुद्रे गळतात.]

[निवेदन नाही. आवाज तसाच ठेवावा.]

[दृश्य: बादली, साबणाचं पाणी, मग थिनरचं फडकं.]

पॉलिश पेपर हातात घेण्याआधी धुणं. नवा माणूस इथंच घाई करतो. पत्र्यावर डिझेलचा तवंग असतो, ग्रीस असतं, वर्षानुवर्षांचं वॅक्स असतं. तसंच घासायला घेतलं तर हे सगळं ओरखड्यांच्या आत दाबलं जातं, आणि पुढे रंग फवारताना जागोजागी गोल खड्डे पडतात. रंग तिथं बसायलाच तयार नसतो. म्हणून आधी साबण-पाणी, वाळल्यावर थिनर. थिनरला दोन फडकी लागतात. एकानं पुसायचं, ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्यानं उचलायचं. एकच फडकं फिरवत राहिलं तर तेल फक्त जागा बदलतं.

[दृश्य: घासलेली जागा, वरून. रंगांची वलयं: पांढरा, निळा, पिवळा, राखाडी, मग चकाकता पत्रा.]

घासत घासत आत गेलं की गाडी आपला इतिहास उघडते. वरचा पांढरा. त्याखाली निळा, तो कधी मारला ते वडिलांनाही आठवत नाही. त्याखाली पिवळा. सगळ्यात खाली कारखान्याचा राखाडी प्रायमर, आणि तो अजून पत्र्याला घट्ट धरून आहे. डोंगराच्या नकाशावर उंचीच्या रेषा असतात तशी ही वलयं दिसतात. दोन वलयांमधलं अंतर जितकं जास्त, तितका उतार सौम्य. कडा अशी पसरट झाली पाहिजे की डोळे मिटून बोट फिरवलं तर एक थर कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते कळू नये. ८० नंबरच्या पेपरनं सुरुवात, मग १२०, मग १८०. मधला नंबर गाळला तर जाड पेपरचे ओरखडे खाली राहतात आणि रंग वाळून बसला की महिन्याभरानं वर दिसायला लागतात.

सगळीकडे पत्र्यापर्यंत जायचं कारण नाही. जिथं जुना थर घट्ट आहे, तिथं त्याच्याइतका चांगला पाया दुसरा मिळणार नाही. सुटतोय तिथं मात्र पूर्ण काढायचा, आणि फोडाच्या पलीकडे चांगला पत्रा दिसेपर्यंत काढायचा.

[दृश्य: ग्राइंडरची ठिणगी. दाराचा सडलेला तळ कापून जमिनीवर पडतो.]

बॅटरीच्या तारा आधीच सोडल्या आहेत. सडलेला पत्रा कापला. त्या मापाची पट्टी २० गेजच्या पत्र्यातून काढली, आधी पुठ्ठ्यावर आकार घेऊन. वेल्डिंग गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून, सीओटू मशीनवर. पातळ पत्र्याला सलग टाका घातला तर उष्णतेनं तो वेडावाकडा होतो. म्हणून एक ठिपका या टोकाला, दुसरा त्या टोकाला, मध्ये गार व्हायला वेळ.

या कापलेल्या तुकड्यासाठीच आम्ही हा माहितीपट करतोय. हा भाग न कापताही दार गुळगुळीत करता आलं असतं. भोकावर जाळी, जाळीवर पुट्टी, म्हणजे खड्डे भरायचा लगदा, पुट्टीवर रंग. रस्त्यावरच्या असंख्य जुन्या गाड्या आज तशा फिरताहेत, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर फोड पुन्हा त्याच जागी येतो. पॉलिएस्टर पुट्टीत बरीचशी शंखजिऱ्याची पूड असते, ती ओल शोषते. मागे उघडा गंज आणि पुढे ओल धरणारी पुट्टी, मध्ये पत्रा कसा टिकणार? गॅरेजला कामाच्या हिशेबानं पैसे मिळतात. कापायला, जोडायला लागणारा वेळ कुणी मोजून देत नाही, म्हणून तो कुणी घालतही नाही. घरी करणाऱ्याकडे कसब कमी असेल, पण वेळ त्याचा स्वतःचा आहे. जुनी गाडी वाचते ती याच वेळात.

[दृश्य: उजवं मडगार्ड. म्हातारा डेंटर पत्र्यावर तळहात फिरवतो. डोळे दुसरीकडे.]

हे चाचा. मिरजेत आयुष्यभर पत्रा ठोकला. आता ते फक्त बसतात आणि सांगतात.

मुलगा विचारतो, "चाचा, इथं पुट्टी लागंल का?"

"आधी हात फिरीव. डोळ्याला काय कळतंय?"

हात फिरवायचा तो सपाट, बोटांच्या टोकांनी नव्हे, सगळ्या तळव्यानं, आणि पोच्यापासून दूर सुरू करून पोच्यावरून पलीकडे. हाताखाली पातळ फडकं घेतलं की चढ-उतार आणखी स्पष्ट लागतो.

[दृश्य: डॉली मागून टेकवली आहे. हातोडी पडते. आवाज बदलत जातो.]

पोचा पडतो तेव्हा मधला भाग आत जातो आणि कडेला एक उंचवटा उठतो. नवा माणूस खोलगटाच्या मागून जोरात ठोकतो. चाचा त्याला उलटं करायला लावतात. डॉली आतून खोलगटाखाली दाबून धरायची आणि हातोडी बाहेरून उंचवट्यावर मारायची. उंचवटा खाली बसतो, त्याच धक्क्यानं खोलगट वर येतो. पत्रा जसा गेला तसाच परत आणायचा, शेवटचा वाकलेला भाग आधी. डॉली आणि हातोडी समोरासमोर आली तर टणक आवाज येतो. ऐका.

[आवाज: टण. टण. ठप. टण.]

मधला "ठप" म्हणजे नेम चुकला. समोरासमोर फार ठोकलं तर पत्रा ताणला जातो, पसरतो, आणि बोटानं दाबलं की डब्याच्या झाकणासारखा आत-बाहेर करतो. तशा जागी गॅसच्या ज्योतीनं छोटा ठिपका लालबुंद करायचा, भोवती हलके ठोके द्यायचे आणि ओलं फडकं टेकवायचं. पत्रा आकसतो. हे चाचांनी स्वतः केलं. मुलाला त्यांनी ज्योत हातात दिली नाही, शेजारी उभं राहून बघायला लावलं. दुसऱ्या मडगार्डला मात्र हातोडी पूर्ण वेळ मुलाच्या हातात आहे.

असे हात आज सांगली-मिरजेकडे मोजके उरलेत. नवीन गाड्यांचं मडगार्ड ठोकत नाहीत, बदलतात. त्यामुळे शिकायला समोर पत्राच येत नाही. ही जुनी ४०७ या मुलाची शाळा झाली आहे.

[दृश्य: काचेच्या तुकड्यावर राखाडी पुट्टी, त्यावर लाल हार्डनरची रेघ. पत्ती फिरते, रंग एकसारखा होतो.]

पुट्टी येते ती इथं. उघड्या, स्वच्छ पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमरचा, म्हणजे ओल अडवणाऱ्या पायाच्या थराचा, हात झाला आहे, तो वाळून हलका घासला आहे. आता पुट्टी. शंभर ग्रॅमला साधारण दोन ग्रॅम हार्डनर. कमी पडला तर पुट्टी मऊ राहते, जास्त झाला तर त्याचा डाग पुढे रंगातून वर येतो. मिसळताना घोटायचं नाही, पत्तीनं दाबत पसरायचं, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. मे महिन्याच्या उन्हात चार-पाच मिनिटांतच ती आवळायला लागते. म्हणून थोडी थोडी कालवायची. जाडी फार तर तीन मिलिमीटर. त्याहून जास्त लागत असेल तर पत्र्याचं काम अजून बाकी आहे असं समजून हातोडीकडे परत जायचं.

आणि पुट्टी कोरडीच घासायची. आपल्याकडे वॉटर पेपर आणि पाण्याचा डबा सर्रास वापरतात, धूळ उडत नाही म्हणून. पण उघडी पुट्टी पाणी पिते, आणि ते पाणी रंगाखाली कोंडलं जातं. पाण्याची वेळ पुढे येते, सरफेसर, म्हणजे रंगाखालचा शेवटचा थर, मारल्यावर.

[दृश्य: पुट्टीवर काळ्या रंगाचा विरळ फवारा. लाकडी ठोकळ्याला लावलेला पेपर तिरका, मग उलटा तिरका फिरतो. काळे ठिपके कमी होत जातात.]

ही काळी धूळ मुद्दाम मारली आहे. लांब ठोकळ्याला पेपर लावून घासलं की उंच भागावरचा काळा आधी जातो, खोलगटातला तसाच राहतो. हाताला जे अजून कळत नाही, ते हा काळा दाखवतो. पेपर नुसत्या बोटांखाली धरला तर बोटांच्या रेघा पडतात, म्हणून ठोकळा. एकाच दिशेनं घासलं तर नाल्या पडतात, म्हणून तिरकं, आणि मग त्याच्या उलट तिरकं.

[दृश्य: संध्याकाळ. मुलगा दारासमोर उकिडवा. काळा डाग अजून आहे. तो पुन्हा पुट्टी कालवतो.]

[निवेदन नाही.]

[दृश्य: खिडक्यांवर जुनी वर्तमानपत्रं, कडेनं मास्किंग टेप. शेडची जमीन पाणी मारून ओली. कॉम्प्रेसर सुरू.]

सरफेसरचा दिवस. जमीन ओली केली म्हणजे धूळ बसते. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी आधी काढून टाकलं, नळीला पाणी अडवणारा फिल्टर लावला. हवा दाबली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं, आणि ते बंदुकीतून थेंबाथेंबानं पत्र्यावर येतं. वेळ सकाळी दहानंतरची. त्याआधी पत्रा रात्रीचा गार असतो, दुपारी वारा सुटतो.

गावात अजून रेड ऑक्साइडची सवय आहे. स्वस्त आहे, ब्रशनंही लागतो. पण नुसता रेड ऑक्साइड मारून गाडी पावसात उभी ठेवली तर पाणी हळूहळू त्यातून खाली उतरतं. खाली इपॉक्सी, मध्ये जिथं लागेल तिथं पुट्टी, वर सरफेसर. जोडांच्या फटींत सीलर. दारांच्या आत, तळाला, जिथं कुणी बघणार नाही तिथं वॅक्स. आणि पाणी जायची भोकं तारेनं मोकळी करून ठेवलेली.

[दृश्य: पूर्ण केबिन एकसारखी राखाडी. वडील बाजूनं चालत येतात, मडगार्डवर तळहात ठेवतात. लांब शॉट.]

[निवेदन नाही. हा शॉट पूर्ण चालू द्यावा.]

[दृश्य: राखाडी केबिन, पुढून. शेवटची माहिती.]

जुन्या पिवळ्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासताना चांगला मास्क हवाच. शेवटचा पीयू (पॉलीयुरेथेन) रंग घरी मारायचा नाही असं ठरलं आहे. त्याच्या हार्डनरमधली आयसोसायनेटं फुफ्फुसाला कायमचा दमा लावू शकतात, आणि साध्या मास्कनं ती अडत नाहीत. तेवढं काम बूथ, म्हणजे रंग फवारायची बंदिस्त खोली, असलेल्या गॅरेजमध्ये होईल. रंग आरसी बुकात लिहिलेलाच, पांढरा. २०२२ पासून पंधरा वर्षांपुढच्या गाड्यांचं फिटनेस शुल्क बरंच वाढलं आहे, तपासणी दरवर्षी आहे. इंजिनाचं काम वेगळं चाललं आहे. हौद्याचा फाळका अजून उघडायचा आहे, आणि तो उघडायला मुलानं चाचांना बोलावलेलं नाही.