मामांचे बॉक्स, मामीची भिंत

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचंय छोट्या खोलीतल्या मोठ्या स्पीकरबद्दल. खोली दहा बाय बाराची आणि त्यात छातीएवढ्या उंचीचे दोन बॉक्स. लोक लगेच म्हणतात, एवढ्याशा खोलीत कशाला हे धूड? मला ते पटत नाही. मोठे स्पीकर लहान खोलीतही छान वाजतात. बॉक्स कुठे ठेवले आणि आपण कुठे बसलो, एवढं मात्र बघावं लागतं. पुन्हा सांगतो, बॉक्स कुठे आणि आपण कुठे.

तर माझ्या मामांची गोष्ट. ज्यांनी ती आधी ऐकलीय, त्यांनी तेवढ्यात चहा टाकून यावा.

मामा सांगलीत विश्रामबागेत राहतात. निवृत्त झाले आणि हौस म्हणून एका ओळखीच्यांकडून जुने बॉक्स घेतले, खाली बारा इंची वूफर, म्हणजे जाड सूर, बेस वाजवणारा मोठा पडदा असलेले. टेम्पोतून उतरवले तर दारातून आत जाईनात. आडवे केले, तिरके केले, चौकटीचा रंग खरवडला, तेव्हा कुठे आत आले. मामी एक अक्षर बोलली नाही. आमची मामी गप्प बसली की समजून जायचं.

मामांनी बॉक्स दोन कोपऱ्यांत ढकलले, खोलीच्या बरोबर मधोमध वेताची खुर्ची टाकली आणि सत्तरच्या दशकातलं एक हिंदी गाणं लावलं. त्या गाण्यांतली बेस गिटार म्हणजे मामांचा जीव की प्राण. ऐकलं आणि म्हणाले, "बेसच नाही!" बटण पिळलं. मागच्या भिंतीला टेकून मामी तांदूळ निवडत होती.

"अहो, कमी करा. छातीत धडधडतंय."

"अगं, बेस येतच नाहीये, कमी काय करू?"

"येत नाही? हे लोखंडी कपाट थरथरतंय ते काय!"

(जाता जाता, आता तांदूळ निवडून पिशवीत येतो, त्यामुळे भिंतीला टेकून घटकाभर बसणंच संपलं. घरातली निम्मी भांडणं आणि निम्म्या गप्पा त्या सुपाभोवतीच व्हायच्या.)

आठ दिवस हेच चाललं. मामा बटण वर करायचे, मामी खाली करायची. मग कुणीतरी सुचवलं म्हणून मामांनी भिंतींवर गोधड्या टांगल्या. झांजेची चमक गेली, आवाज मिणमिणीत झाला, घुमणं मात्र जसंच्या तसं.

अशात मिरजेहून सतारमेकर गल्लीतले एक चाचा आले. मामी गाणं शिकलेली. तिचा तंबोरा जवारीला, म्हणजे तारांखालची घोडी घासून सूर नीट करायला दिला होता, तो परत द्यायला. समोर भांडण चालू. चाचांनी तंबोरा कोपऱ्यात उभा केला, चहा नको म्हणाले आणि गाणं चालू असताना खोलीभर हळूहळू चालत राहिले. मधोमध आले आणि थांबले. मागच्या भिंतीपाशी गेले, कान लावला. पुन्हा मध्ये. मग हसले.

"साहेब, तुम्ही दोघंही खरं बोलताय. इथे बेस नाही, आणि तिथे मावत नाही." आणि मग म्हणाले, "तंबोऱ्यासाठी भोपळा घेताना आम्ही आधी टिचकी मारून ऐकतो. तुम्ही खोली न वाजवताच बॉक्स आणलेत!"

झालं होतं असं. आवाज सेकंदाला साधारण 1130 फूट जातो. मामांची खोलीही दहा बाय बाराचीच. समोरच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत बारा फूट जाऊन परत यायचं म्हणजे चोवीस फूट. भागाकार करा, 47 येतो. म्हणजे 47 हर्ट्झच्या, सेकंदाला 47 कंपनांच्या, आसपासचा सूर आला की ती खोली भोपळ्यासारखी स्वतःच घुमते. आणि घुमते ती भिंतीपाशी सगळ्यात जास्त, मधोमध जवळपास नाहीच. बेस गिटारची सगळ्यात जाड तार 41 हर्ट्झची, पुढची 55 ची, म्हणजे तो सूर यांच्यामध्येच येतो. भिंतीपाशी जास्त, मध्ये नाही. मामी भिंतीला, मामा मध्ये. छोटा स्पीकर एवढा खाली उतरतच नाही, म्हणून त्याच्यापुढे खोली गप्प राहते. आणि चोवीस फुटांच्या अंतरात घुमणाऱ्या सुराला दोन बोटं जाड गोधडी काय अडवणार?

चाचांनी बॉक्स कोपऱ्यांतून दीड-दीड फूट बाहेर ओढायला लावले, कारण कोपरा बेस आणखी फुगवतो. तोंडं जरा खुर्चीकडे वळवली. खुर्ची दोनच फूट मागे, मागच्या भिंतीपासून चार फुटांवर. बेसचं बटण शून्यावर. बस्स, इतकंच. बॉक्स कोपऱ्यातून बाहेर, खुर्ची ना मधोमध, ना भिंतीला.

आवाजही बेताचाच ठेवायचा. मोठ्या वूफरला बेताच्या आवाजासाठी जेमतेम हलावं लागतं, म्हणून तो हळू वाजतानाही स्वच्छ वाजतो. मिरवणुकीत ट्रॅक्टरवर बॉक्सची भिंत रचून कानठळ्या बसवतात, त्याला मी ऐकणं म्हणत नाही. राग आला तर येऊ दे.

चाचांनी जाताना फरशीवर खुर्चीच्या चार पायांच्या खडूने खुणा केल्या होत्या. फरशी पुसताना त्या जायला लागल्या, तेव्हा मामीने तिथे लाल ऑइलपेंटचे चार ठिपके दिले. दुपारी मामा आडवे झाले की त्या खुर्चीवर ती बसते, आणि तेव्हा बेसचं बटण शून्याच्या जरा पुढे असतं.

नमस्कार.